कोणती आग कशाने विझवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्या, शाळा, बचत गट आणि लहान कारखान्यांमध्ये मी आग विझवण्याची प्रात्यक्षिकं घेतो. तिथे लोक जे प्रश्न परत परत विचारतात, आणि घरी गेल्यावर पुन्हा व्हॉट्सॲपवर पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आग दिसली की पाणी, हे आपल्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं. निम्म्या वेळा ते बरोबर असतं. उरलेल्या निम्म्या वेळा त्याच पाण्याने माणूस भाजतो. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकात मी एकच सवय लावायला बघतो: हात उचलण्याआधी "काय जळतंय?" असं मोठ्याने विचारायचं.

तुमच्यासमोर आत्ता आग असेल तर हे वाचत बसू नका. बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

१. आग दिसली की आधी विझवायची, की आधी फोन करायचा?

आधी ओरडायचं. "आग, आग" असं ओरडून घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना बाहेर काढायचं. दोघे असाल तर एकाने फोन करायचा आणि दुसऱ्याने विझवायला जायचं. एकटे असाल तर आधी फोन. "छोटीच आहे, विझेल" म्हणून फोन लांबवला आणि मग आग हाताबाहेर गेली, असं फार वेळा होतं. बंब निघाल्यावर आग विझली तर कुणी रागावत नाही.

स्वतः विझवायला जायचं ते तीन गोष्टी जुळल्या तरच: आग कचऱ्याच्या डब्याएवढी किंवा त्याहून लहान आहे, बाहेर पडायचं दार तुमच्या पाठीशी आहे, आणि काय जळतंय हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर दार ओढून घ्या आणि बाहेर या. कुलूप लावू नका, नुसतं ओढा. बंद दार आगीला हवा मिळू देत नाही आणि जिन्यात धूर भरू देत नाही.

फोनवर पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण, कितवा मजला, काय जळतंय, आत कुणी अडकलंय का आणि सिलिंडर आहेत का, एवढं सांगा. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. एकाला गेटवर उभं करा आणि रस्त्यातल्या गाड्या हलवायला लावा.

२. आग ती आगच ना? मग प्रकार कशावरून पाडतात?

काय जळतंय त्यावरून. आग टिकायला जळणारा पदार्थ, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन लागतो, शिवाय ज्वाळेत चालू राहणारी रासायनिक साखळी. यातलं एक काढून घेतलं की आग मरते. पाणी उष्णता काढतं, झाकण हवा तोडतं, गॅसचा नॉब इंधन तोडतो, कोरडी पावडर मुख्यतः ती साखळी तोडते. कुठल्या आगीत काय तोडणं सोपं आहे, त्यावर प्रकार ठरतात:

ए म्हणजे लाकूड, कागद, कापड, गादी, गवत. बी म्हणजे पेट्रोल, रॉकेल, थिनर, रंग. सी म्हणजे एलपीजी, सीएनजी यांसारखे वायू. डी म्हणजे मॅग्नेशियम, सोडियम असे जळणारे धातू. एफ म्हणजे स्वयंपाकाचं तापलेलं तेल-तूप.

इंटरनेटवर बराच गोंधळ होतो तो अमेरिकेतल्या तक्त्यांमुळे. तिथे सी म्हणजे विजेची आग आणि तळणाच्या तेलाला के म्हणतात. आपल्याकडे विजेला वेगळं अक्षर नाही, कारण वीज स्वतः जळत नाही. तारेचं आवरण, लाकूड, प्लास्टिक जळतं. विजेबद्दल प्रश्न ७ पाहा.

३. मग पाणी नेमकं कुठे चालतं?

ए प्रकारात, म्हणजे कागद, लाकूड, कापड, गवत यांवर. तिथे पाण्यासारखं दुसरं काही नाही. पाणी तापायला आणि त्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते, ती सगळी ते आगीतून ओढून घेतं. गणपतीत निरांजनामुळे मखराच्या कापडाने पेट घेतला, दिवाळीत रॉकेट गच्चीतल्या अडगळीवर पडलं, तर बादलीभर पाणीच पुरेसं आहे. (मखरावर लाइटची माळ असेल तर आधी तिचा प्लग काढा.) पाणी ज्वाळेच्या शेंड्यावर फेकू नका, बुडाशी मारा. एकदम बादली रिकामी करण्यापेक्षा तांब्या-मगाने पसरून मारलं तर कमी पाण्यात काम होतं.

गादी आणि उशी मात्र फसवतात. वरची ज्वाळा विझते आणि आत कापूस धुमसत राहतो. दोन तासांनी, सगळे झोपल्यावर, ती पुन्हा पेटते. विझवलेली गादी मोकळ्यावर न्या, उसवा आणि आतला कापूस भिजवून काढा. जिन्यातून नेताना ती पेटू शकते, म्हणून नेण्याआधीच भरपूर भिजवा. लिफ्टने नेऊ नका.

४. कढईतलं तेल पेटलं तर काय करायचं? आई म्हणते पीठ टाकायचं.

पीठ नाही. पीठ हवेत उडालं की स्वतःच भडकतं. पाणी तर अजिबात नाही.

पाणी का नाही हे नीट समजून घ्या, कारण एकदा समजलं की हात आपोआप थांबतो. पेटलेलं तेल ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्याही वर असतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाला जातं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा व्यापते. ती वाफ वरचं जळतं तेल बारीक थेंबांत उडवते आणि प्रत्येक थेंब हवेत पेटतो. छतापर्यंत जाणारा लोळ उठतो. एक फुलपात्रभर पाणी त्याला पुरतं. प्रात्यक्षिकात मी हे लांब काठीला बांधलेल्या मगाने करून दाखवतो. तो लोळ पाहिलेला माणूस पुन्हा कधी तेलावर पाणी टाकत नाही.

करायचं ते असं. गॅस बंद करा. नॉबपर्यंत हात जात नसेल तर आधी झाकण घाला, मग नॉब. कढईपेक्षा मोठं झाकण, ताट किंवा परात घ्या आणि वरून टाकू नका; आपल्या बाजूने पुढे सरकवत ठेवा, म्हणजे ज्वाळा तुमच्यापासून दूर ढकलली जाते. काचेचं झाकण नको, तडकतं. मग हात लावू नका. निदान अर्धा तास झाकण उचलू नका. तेल अजून पेटण्याइतकं तापलेलं असतं आणि हवा मिळाली की पुन्हा भडकतं. कढई उचलून मोरीत किंवा गॅलरीत न्यायला जाणं ही सगळ्यात मोठी चूक. बहुतेकजण तेव्हाच भाजतात, कारण चालताना तेल हिंदकळतं आणि ज्वाळा हातावर येते.

घरातली पावडरची लाल बाटली, म्हणजे अग्निशामक, इथे दुय्यम उपाय आहे. ज्वाळा दबते, पण तेल थंड होत नाही, आणि जवळून मारली तर झोताने जळतं तेल उडतं. मारायचीच असेल तर दोन-अडीच मीटरवरून. हॉटेल, खानावळी, फरसाणवाले यांनी एफ खूण असलेला, ओल्या रसायनाचा अग्निशामक ठेवावा. तो तेलावर साबणासारखा थर करतो आणि ते थंडही करतो. वडापावच्या गाडीवर एवढी सोय नसली तरी कढईएवढं पत्र्याचं झाकण हाताशी टांगून ठेवायला काहीच लागत नाही.

आणि तेल पेटण्याआधी सांगतं. त्यातून धूर यायला लागला की ते धोक्याकडे निघालंय. गॅस तेव्हाच बंद करा.

५. गॅसचा वास येतोय पण आग नाही. काय करू?

ही आग विझवण्याची सगळ्यात चांगली वेळ आहे, कारण ती अजून लागलेली नाही. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात.

रेग्युलेटर बंद करा, काढा आणि सिलिंडरला सेफ्टी कॅप लावा. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा. विजेचं कुठलंच बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. दोन्हींत ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखा लावायचा मोह होतो, तो टाळा. दारं-खिडक्या उघडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीपेक्षा जमिनीला टेकलेलं दार जास्त उपयोगाचं. बाहेर गेल्यावर १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, छताकडे साचतो. तिथे वरच्या खिडक्या उघडा आणि घरातला मुख्य कॉक बंद करा.

६. सिलिंडरच पेटला तर? तो लगेच फुटतो ना?

लगेच नाही. आणि ही भीती लोकांना जवळचा सोपा उपाय करू देत नाही. रेग्युलेटर किंवा नळीजवळ ज्वाळा दिसते तेव्हा बाहेर आलेला गॅस जळत असतो, टाकीतला नाही. आत हवाच नसते. टाकी फुटण्याचा धोका येतो तो तिचं अंग बाहेरून बराच वेळ तापत राहिलं की.

म्हणून ज्वाळा लहान असेल आणि जवळ जाता येत असेल तर गोणपाट किंवा जाड सुती चादर चिंब भिजवा, दोन्ही हातांनी समोर ढालीसारखी धरा, वाल्व्हवर टाका आणि त्याच्याखालून रेग्युलेटर बंद करा. सिलिंडर उभाच ठेवा. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव गॅस बाहेर येतो आणि आग कितीतरी पटीने वाढते.

आता अवघड भाग. गॅस बंद होतच नसेल तर ज्वाळा विझवू नका. ऐकायला उलटं वाटतं, पण जळणारा गॅस डोळ्यांना दिसतो. न जळता बाहेर पडणारा गॅस खोलीभर पसरतो आणि कुठेतरी ठिणगी मिळाली की सगळा एकदम पेटतो. अशा वेळी आजूबाजूच्या वस्तू हलवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाची वाट पाहा. सुरक्षित अंतरावरून, आडोशाने, टाकीच्या अंगावर पाणी मारून ती थंड ठेवता आली तर उत्तम. टाकीला आगीने घेरलं असेल किंवा टाकीतून शिट्टीसारखा आवाज वाढत चालला असेल तर काहीही न करता लांब पळा.

७. शॉर्टसर्किट झालं. रबरी चप्पल घालून पाणी मारलं तर चालेल का?

नाही. भिजलेली चप्पल, ओली फरशी आणि पाण्याची सलग धार यांतून शॉक लागू शकतो. आधी मेन स्विच किंवा एमसीबी खाली करा. वीज तुटली की ती साधी ए प्रकारची आग उरते आणि तिच्यावर पाणीही चालतं. मेन स्विचपर्यंत जाता येत नसेल तर कार्बन डायऑक्साइडचा किंवा पावडरचा अग्निशामक, तोही निदान एक मीटर अंतर ठेवून.

तीन अपवाद लोक विसरतात. एक, इन्व्हर्टर: मेन बंद केला तरी तो घरातल्या तारांत वीज सोडत राहतो, त्यामुळे तोही बंद करायचा. दोन, गच्चीवरचे सौर पॅनेल: ऊन आहे तोवर त्यांच्यापासून निघणाऱ्या तारांत वीज असतेच. तिथे स्वतः पाणी मारायला जाऊ नका आणि बंबवाल्यांना पॅनेल आहेत हे आधी सांगा. तीन, सोसायटीची मीटर-खोली: तिथे आतला पुरवठा तुमच्या हातात नसतो. दार बंद करा, वीज कंपनीला आणि १०१ ला कळवा, माणसं बाहेर काढा.

८. घरासाठी कोणता अग्निशामक घ्यावा? दुकानदार एबीसी म्हणतो.

बरोबर म्हणतो. एबीसी पावडर घन पदार्थ, द्रव इंधन, वायू आणि विजेच्या उपकरणांवरही चालते. घराला २ किलोचा बरा पडतो, कारण तो घरातल्या प्रत्येकाला उचलता येतो. ६ किलोचा घेऊन आजींना पिनही काढता आली नाही तर काय उपयोग? आयएसआय मार्क पाहा. ठेवायची जागा ओट्याच्या वर नाही, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. आग लागली तर तिच्यावरून हात घालून बाटली काढता येणार नाही.

पावडरचा तोटा म्हणजे ती सगळीकडे बसते, ओलावा धरते आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू गंजवते. म्हणून कॉम्प्युटर, सर्व्हर, प्रयोगशाळेतली उपकरणं यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइड. तो मागे काही ठेवत नाही, पण धुमसणारं लाकूड-कापूस त्याने थंड होत नाही आणि उघड्यावर वाऱ्याने उडून जातो. फोम पेट्रोल-डिझेलसाठी उत्तम, पण चालू विजेवर मारू नये.

९. बाटली वापरायची कशी? किती वेळ चालते?

फार थोडा वेळ. २ किलोची साधारण ८ ते १० सेकंद, ६ किलोची पंधरा-वीस सेकंद. म्हणून लांबून "ट्राय" करण्यात ती संपवू नका. पिन ओढा, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, आणि अंगण झाडताना जसा केरसुणीचा फटकारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो तसा झोत फिरवा. उघड्यावर असाल तर वारा पाठीवर घ्या. विझल्यावर पाठ फिरवू नका, तोंड आगीकडेच ठेवून मागे या. एका बाटलीत विझली नाही तर ती आग तुमची नाही, बाहेर पडा.

कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीचा काळा भोंगा हातात धरू नका. बाहेर पडणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत थंड असतो, कातडी चिकटून सोलते. आणि लहान बंद खोलीत तो वापरून तिथेच थांबू नका. तो आगीचा ऑक्सिजन हटवतो तसा तुमचाही.

१०. वाळूच्या लाल बादल्या अजून लागतात का?

हो. सांडलेलं पेट्रोल, रॉकेलचा स्टोव्ह, वितळलेलं डांबर यांवर वाळू स्वस्त आणि भरवशाची. ती कोरडी हवी आणि तिच्यात सिगारेटची थोटकं, पानाच्या पिचकाऱ्या नकोत. त्या बादल्यांचा तळ गोल असतो, म्हणजे कुणी त्या फरशी पुसायला पळवत नाही.

११. ई-स्कूटर किंवा मोबाईलची बॅटरी पेटली तर?

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला, तेव्हापासून तर फारच.

लिथियम-आयन बॅटरीत एक सेल बिघडला की तापतो, शेजारच्याला तापवतो आणि साखळी चालू होते. ही उष्णता आतल्या रासायनिक क्रियेतून येते, त्यामुळे नुसती हवा तोडून ती थांबत नाही. पावडर आणि कार्बन डायऑक्साइड वरची ज्वाळा पाडतात, बॅटरी आत तापतच राहते आणि पुन्हा पेटते. तिला थंड करणं हाच उपाय, आणि थंड करायला पाणीच. पण बादलीभर नाही, बराच वेळ आणि भरपूर. ते काम बंबाचं आहे. धुरात विषारी वायू असतात, म्हणून स्कूटर पेटली तर तुमचं काम एवढंच: शक्य असेल तर चार्जिंगचा पुरवठा बंद करणं, शेजारच्या गाड्या हलवणं, माणसांना लांब नेणं.

मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक लहान असतात. त्यांवर प्लग काढून पाणी ओतलं तर चालतं. ज्वाळा गेल्यावर हातात उचलू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज करणं थांबवा आणि ती घरापासून लांब, उघड्यावर ठेवा.

पेटलेली स्कूटर विझल्यानंतरही काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटू शकते. ती पार्किंगमध्ये परत आणू नका, इमारतीपासून निदान पन्नास फूट लांब ठेवा. आणि एक कळकळीची विनंती: जिन्याखाली चार्जिंग नको. तिथे आग लागली तर सगळ्या इमारतीचा बाहेर पडायचा एकमेव रस्ता बंद होतो.

१२. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यांची आग सारखीच का?

पेट्रोल आणि रॉकेल पाण्यावर तरंगतात. पाणी मारलं की जळतं पेट्रोल वाहत पुढे जातं, म्हणून फोम, पावडर किंवा वाळू. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल पाण्यात मिसळतं, त्यामुळे थोडं सांडलेलं असेल तर भरपूर पाण्याने ते पातळ होऊन विझतं. त्याची ज्वाळा फिकट निळी असते आणि उन्हात दिसतही नाही; "विझलं" समजून हात घालू नका. साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही, त्यासाठी वेगळा फोम मिळतो. ज्यांच्याकडे अल्कोहोलचे पिंप असतात त्यांनी पुरवठादाराला हे विचारून घ्यावं.

गाडीच्या बॉनेटमधून धूर आला तर इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, लांब जा. बॉनेट पूर्ण उघडू नका, हवेचा झोत मिळून आग भडकते. लहान आग असेल तर फटीतून पावडर मारा. सीएनजीची गाडी असेल तर मागच्या टाकीजवळ उभे राहू नका.

१३. आमचं वर्कशॉप आहे. मॅग्नेशियमचा चुरा पेटला तर पाणी का चालत नाही?

कारण जळतं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं, जो स्वतः भडकतो. ते कार्बन डायऑक्साइडमध्येही जळत राहतं, म्हणजे नेहमीची बाटलीही निरुपयोगी. पूर्ण कोरडी वाळू, कोरडं मीठ किंवा डी प्रकारासाठीची खास पावडर फावड्याने हळूच वर पसरा आणि जाड थराखाली झाका. झोत मारून चुरा उडवू नका, उडालेला चुरा म्हणजे नवी आग. वाळूत ओल असेल तर तीही वापरू नका. आणि चुरा रोज उचला. लेथखाली आठवडाभर साचलेला ढीग हेच खरं इंधन.

पाणी वर्ज्य असलेल्या आणखी दोन वस्तू. प्रयोगशाळेतलं सोडियम, आणि कार्बाइड. वेल्डिंगवाल्यांकडे कार्बाइड असतो, आणि बंदी असूनही आंबे पिकवायला तो अजून वापरला जातो. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन हा भडकणारा वायू सुटतो. अशा गोदामाला आग लागली तर आत कार्बाइड आहे हे लपवू नका. दंडाच्या भीतीने गप्प बसलात तर आत पाणी घेऊन जाणाऱ्या जवानाचा जीव जाऊ शकतो.

१४. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर?

पळू नका, पळताना हवा मिळते आणि ज्वाळा तोंडाकडे चढतात. जागेवर थांबा, तोंड हातांनी झाका, जमिनीवर पडा आणि लोळा. दुसऱ्या कुणाला विझवत असाल तर त्याला आडवं पाडा आणि घोंगडी, सतरंजी किंवा जाड सुती चादर खांद्याकडून पायाकडे दाबत न्या. नायलॉन-पॉलिस्टरची चादर नको, ती वितळून कातडीला चिकटते. पाणी जवळ असेल तर अंगावर जरूर ओता. कपडे ए प्रकारात मोडतात.

विझल्यावर भाजलेली जागा वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ यांतलं काहीही नको. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्या.

१५. कोकणात आमची आंबा-काजूची बाग आहे. वणवा आला तर काय करायचं?

वणव्याशी लढाई तो यायच्या दोन महिने आधी असते. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत गवत आणि पातेरा (गळलेला पाला) वाळून कोरडाठाक असतो. त्याआधी बागेभोवती निदान १५ फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, पातेरा ओढून पूर्ण उघडा करा. वनखाते यालाच जाळरेषा म्हणतं. झाडाच्या बुंध्याभोवतीचं गवतही काढा.

वणवा दिसला की पहिला प्रश्न वारा कुठला आणि चढ कुठला. आग चढावर फार वेगाने धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवतात. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका. जळून गेलेल्या काळ्या बाजूने किंवा कडेने जा. ऐन, किंजळ अशा झाडांच्या ओल्या, पानांच्या डहाळ्या घ्या आणि झोडपण्यापेक्षा दाबत, जळलेल्या बाजूकडे ओढत विझवा. जोरात आपटलं तर ठिणग्या न जळलेल्या गवतात उडतात. एकट्याने जाऊ नका. सुती कपडे, पायात बूट, सोबत पाणी. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा काम लवकर होतं.

समोरून आग लावून वणवा अडवायची जुनी पद्धत आहे. ती अनुभवी माणसाशिवाय करू नका. वारा फिरला तर दोन आगींच्या मध्ये तुम्ही सापडता. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.

आणि भाजावळ करताना (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना) राब, म्हणजे पसरलेला पालापाचोळा, पेटवून घरी जाऊ नका. राख विझेपर्यंत बांधावर माणूस हवा.

१६. कडब्याची गंजी विझवली, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा धूर. असं का?

कारण आग आत आहे. कडबा, पेंढा, कापसाच्या गाठी, कोळशाचा ढीग, कचरा डेपो या सगळ्यांत तेच होतं. पाणी वरून वाहून जातं, आत ओल पोचत नाही, आणि थोड्याशा हवेवर आग महिनोन्‌महिने धुमसते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं तेव्हा मुंबईने ते दिवसेंदिवस श्वासात घेतलं.

उपाय कष्टाचा आहे: गंजी उपसा, पेंढ्या एकेक बाजूला पसरा, प्रत्येक थर भिजवा. गंजीवर चढू नका. आतून पोकळ झालेली असते, माणूस आत जातो. कापसाची गाठ उघड्यावर न्या, पट्ट्या तोडा, मग भिजवा. कोळशाचा ढीग दाबून घट्ट करतात किंवा मातीने झाकतात, म्हणजे हवा तुटते. उभा ऊस पेटला तर जळता भाग विझवत बसण्यापेक्षा पुढच्या सऱ्या तोडून मोकळा पट्टा करा. वरून विजेच्या तारा जात असतील तर आधी पुरवठा बंद करायला सांगा.

कापसाची आग किती फसवी असते हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला पाहिलं. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं. दुपारी आत धुमसणारी आग लक्षात आली, जवान पाणी मारत राहिले, आणि चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलला पाळला जाणारा अग्निशमन सेवा दिन त्यांच्या आठवणीचा आहे.

१७. आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो. आग खाली आहे आणि जिन्यात धूर आहे. उतरायचं का?

दाट धुरात उतरू नका. ज्वाळेपेक्षा धुराने जास्त माणसं मरतात. दाराला उलट्या हाताने स्पर्श करा. गरम असेल तर उघडू नका. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत किंवा गॅलरीत उभे राहा, चमकदार कापड हलवा आणि फोनवर खोली नेमकी सांगा. जिना स्वच्छ असेल तर लगेच उतरा, लिफ्ट नको. धुरातून जावंच लागलं तर गुडघ्यांवर रांगत जा, जमिनीलगत हवा बरी असते. ओला रुमाल धुराचे कण थोडे अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. त्याच्या भरवशावर आत शिरू नका.

१८. सोसायटीच्या बाटल्या पाच वर्षं भिंतीवर आहेत. चालतील का?

बाटलीवरचा दाबाचा काटा पाहा: तो हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीला काटा नसतो, तिचं वजन करावं लागतं. पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून महिन्यातून एकदा बाटली उलटी करून हलवा. एकदा थोडी जरी वापरली तरी पुन्हा भरून घ्या, कारण दाब हळूहळू निघून जातो. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, आणि तारखेचं लेबल बाटलीवर.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची आहे, आणि परवानाधारक एजन्सीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींकडे ते मागा. एका सोसायटीत आम्ही प्रात्यक्षिकासाठी भिंतीवरची बाटली उतरवली तर पिन गंजून जाम झाली होती आणि आत पावडरचा दगड. त्या जिन्यात २८ कुटुंबं राहत होती.

१९. आग विझली. आता आत जाऊ का?

लगेच नाही. धूर ओसरू द्या, दलाचे लोक "जा" म्हणेपर्यंत थांबा. वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. वायरिंगच्या पाइपांत पाणी साठलेलं असतं. गॅसची नळी आणि रेग्युलेटर तापले असतील तर वरून चांगले दिसले तरी बदला. आगीजवळचं उघडं अन्न, तेल, औषधं टाकून द्या. पावडर उडाली असेल तर आधी कोरडीच झाडून किंवा व्हॅक्यूमने काढा, नंतर ओल्या फडक्याने पुसा. आधी पाणी लावलं तर तिचा चिकट लगदा होतो. विम्याचा दावा करणार असाल तर आवरायच्या आधी फोटो काढा आणि अग्निशमन दलाकडून आगीचा दाखला मागून घ्या. गादी, सोफा, कपड्यांचे ढीग दर दोन-तीन तासांनी हात लावून पाहा (प्रश्न ३), आणि पहिल्या रात्री घरात कुणीतरी जागं राहा.